बर्फगाडी आणि घराची फरशी

घराला रंग द्यायचा असला की जड लोखंडी कपाट जागचे हलवावे लागते. आपण ते ढकलू लागतो. तोच अम्मी ओरडते, “थांबा! आधी खाली गोणपाट घाला. फरशीवर ओरखडे पडतील.” आपण कपाट किंचित उचलतो आणि त्याच्या पायांखाली गोणपाट सारतो. मग कपाटही सहज सरकते आणि फरशीही शाबूत राहते.

हाच प्रश्न आपल्यापासून हजारो मैल दूर, कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात, दर हिवाळ्यात अनेक घरांपुढे उभा राहतो. तेथे कपाटाच्या जागी असते स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून धावणारी गाडी. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्गला पर्यटक अशा गाडीतून फिरतात.

ही गाडी कशी जन्माला आली, ते आधी पाहू. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात वाल्कूर नावाचे गाव आहे. तेथे जोझेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचे एक हुशार कारागीर राहत होते. बर्फावरून चालणारी गाडी तयार करण्याचा त्यांना ध्यास होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा फार आजारी पडला. त्याला तातडीने रुग्णालयात नेणे गरजेचे होते. पण सारे रस्ते बर्फाने बंद झाले होते. मुलगा वाचला नाही. त्या दुःखातही बोंबार्डिए यांनी काम सोडले नाही. दातेरी चाकावर फिरणारा रबरी पट्टा त्यांनी तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यांच्या मोठ्या बर्फगाड्यांतून डॉक्टर, रुग्ण आणि शाळेची मुले ये-जा करू लागली. पुढे १९५९ मध्ये त्यांनी ‘स्की-डू’ ही एक-दोन माणसांची हलकी गाडी बाजारात आणली.

आजची स्नोमोबाइल साधारणपणे २०० ते ३०० किलो वजनाची असते. तिला चाके नसतात. पुढे होडीच्या टोकासारख्या वर वळलेल्या दोन लांब घसरपट्ट्या असतात. त्यांना स्की म्हणतात. मागे रुंद रबरी पट्टा असतो. इंजिन हा पट्टा फिरवते आणि गाडी पुढे सरकते.

गोठलेल्या बर्फावर गाडी घसरू नये, वळवता यावी, म्हणून प्रत्येक स्कीच्या तळाला एक सळई बसवलेली असते. तिच्या धारेवर बहुधा कार्बाइड नावाचा अतिशय कठीण पदार्थ असतो. भिंतीला भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या टोकाला हाच पदार्थ लावतात. काही जण मागच्या पट्ट्यातही शंभराच्या आसपास टोकदार खिळे बसवून घेतात.

आता तुमच्या लक्षात आले असेल. जो पदार्थ भिंतीला भोक पाडतो, तो फरशीला कसा सोडेल?

तिकडच्या अनेक घरांना गाडी ठेवण्यासाठी गॅरेज असते. रस्त्यापासून गॅरेजपर्यंत डांबराची किंवा काँक्रीटची लहानशी वाट असते. तिला ‘ड्राइव्ह-वे’ म्हणतात. रानातून परत आलेली स्नोमोबाइल या उघड्या वाटेवरून आत आली, की वाटेवर आणि गॅरेजच्या जमिनीवर लांबच लांब ओरखडे उमटतात. गाडी जागच्या जागी वळवली, तर ते अधिक खोल जातात. पट्टा जोराने फिरवला, तर खिळे डांबराचे तुकडेही उडवतात.

तुम्ही म्हणाल, ओरखड्याने काय बिघडते? खरे नुकसान पुढेच आहे. गाडीच्या अंगाला चिकटलेला बर्फ गॅरेजमध्ये वितळतो. ते पाणी ओरखड्यांत मुरते. रात्री थंडी वाढली की तेच पाणी गोठते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. म्हणून तर काठोकाठ भरलेली बंद काचेची बाटली फ्रीजरमध्ये फुटते. फटीतला बर्फही असाच फटीच्या दोन्ही कडांना रेटतो. दिवसा पुन्हा पाणी, रात्री पुन्हा बर्फ. असे कित्येकदा घडते. ओरखड्याची भेग होते, भेगेचा खड्डा होतो. कडक हिवाळ्यात डांबरीकरणाची कामे बंद असतात. त्यामुळे खड्डा तसाच वाढत राहतो आणि उन्हाळ्यात घरमालकाला मोठा खर्च येतो.

नुकसान एकट्या जमिनीचेच होते असेही नाही. रबरी पट्टा आतल्या बाजूने प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घासत फिरतो. बर्फ त्यांना थंड आणि निसरडे ठेवतो. बर्फ नसलेल्या जमिनीवर गाडी चालवली, तर ते तापतात आणि लवकर झिजतात. सळईची धारही बोथट होते. म्हणजे जमीन आणि गाडी दोन्ही एकमेकींना झिजवतात.

मग उपाय कोणता? पहिला उपाय फुकटचा आहे. ड्राइव्ह-वेवरचा सगळा बर्फ खरवडून काढायचा नाही. गाडी येण्यापुरता एका कडेला बर्फाचा थर राहू द्यायचा. थर उरला नसेल, तर फावड्याने बाजूचा बर्फ आणून पसरायचा. बर्फावरची गाडी बर्फावरूनच दारापर्यंत येते.

दुसरा उपाय आपल्या गोणपाटासारखा आहे. बर्फ संपतो तेथून गॅरेजच्या आतपर्यंत जाड रबरी चटया किंवा लाकडी फळ्या अंथरायच्या. कारखान्यांत माल वाहणारा रबरी पट्टा जुना झाला, की काही जण तोच कापून आणतात. स्कीखाली घालण्यासाठी टणक प्लॅस्टिकच्या पट्ट्याही मिळतात. मात्र चटईवरून गाडी अगदी हळू न्यावी. एकदम वेग दिला, तर खिळे चटईत रुततात आणि चटई मागे फेकली जाते.

तिसरा उपाय म्हणजे चाकांचे छोटे पाट. दोन्ही स्कींखाली एक-एक आणि मागच्या पट्ट्याखाली एक असे तीन पाट सरकवायचे. मग इंजिन बंद करून गाडी हाताने ढकलत आत नेता येते. याचा आणखी एक मोठा फायदा आहे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वासही नाही. त्याने माणसाचा जीव जाऊ शकतो. फरशी पुन्हा करता येते, जीव परत आणता येत नाही.

गाडी आत आल्यावर तिच्यावरचा बर्फ झाडून टाकावा. खाली साचलेले पाणी पुसून घ्यावे. हिवाळ्यापूर्वी, जमीन कोरडी असताना, जुन्या भेगा बुजवाव्यात. काँक्रीटमध्ये पाणी मुरू न देणारा द्रवही त्याच वेळी लावावा. नवी जमीन करणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. काँक्रीट कालवताना त्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे राहतील असे द्रव्य मिसळतात. पाणी गोठून फुगले, तर त्याला या बुडबुड्यांत जागा मिळते आणि काँक्रीट तडकत नाही.

घराची वाट तर आपली असते. पण सार्वजनिक वाट सर्वांची असते. म्हणून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सार्वजनिक पक्क्या पायवाटांवर खिळे बसवलेल्या स्नोमोबाइलला सर्वसाधारणपणे कायद्याने मनाई आहे.

आपल्याकडे बर्फगाडी नसली, तरी असा प्रश्न आहेच. भंडारा-गोंदियाकडे भातखाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात. चिखलात ते फार उपयोगी. पण तेच केजव्हील डांबरी रस्त्यावर आले की रस्ता उखडतो. बर्फातली सळई काय आणि चिखलातले केजव्हील काय, दोन्ही आपापल्या जागी गुणाची आहेत. जागा बदलली की गुणाचा दोष होतो. ती जागा ओळखणे आणि वेळीच खाली गोणपाट घालणे, हे माणसाचे काम आहे.

शब्दार्थ
शाबूत – न मोडलेले, सुरक्षित. ध्यास – सतत मनात असलेली ओढ. आकारमान – वस्तूने व्यापलेली जागा. चिखलणी – भात लावण्यासाठी खाचरात चिखल करणे.

स्वाध्याय
१. बोंबार्डिए यांच्या मुलाला रुग्णालयात का नेता आले नाही?
२. कारणे लिहा : (अ) स्कीच्या तळाला सळई बसवतात. (आ) ओरखड्याची पुढे भेग होते.
३. फरशी वाचवण्याचे तीन उपाय तुमच्या शब्दांत लिहा.
४. एका जागी उपयोगी आणि दुसऱ्या जागी नुकसान करणारी एखादी वस्तू शोधा. तिच्याविषयी पाच वाक्ये लिहा.