दोन तारांवर जगणारा थर्मोस्टॅट

अमेरिकेतल्या कुठल्याही घरात गेलात तर बैठकीच्या किंवा बोळाच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला थर्मोस्टॅट बसवलेला दिसतो. तळघरातल्या फर्नेसला कधी पेटायचं आणि कधी विझायचं हे सांगणं, एवढंच त्याचं मूळ काम. आज त्याला रंगीत पडदा आहे, वाय-फाय आहे, घरात कुणी आहे की नाही हेही तो ओळखतो. पण त्याच्याजवळ प्लग नाही, आणि कित्येक मॉडेलांत बदलायचे सेलही नाहीत. भिंतीतून आलेल्या दोन-चार बारीक तारा काय त्या आहेत. त्या मुळात त्याला वीज पुरवण्यासाठी घातलेल्याच नव्हत्या, फक्त हुकूम पोचवण्यासाठी होत्या. या तारांतून तो स्वतःपुरती वीज कशी काढतो, हा घरातल्या विजेच्या कामातला मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रश्न आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथल्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवत असत. वर्गात थंडी किती आहे ते पाहायला शिपाई दर थोड्या वेळाने दार उघडून आत यायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा फिरवायचा. या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सननी खोलीतल्या तापमानावर तळघरात घंटी वाजवणारं विजेचं उपकरण बनवलं आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांनी मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झनी पुढची पायरी गाठली. खोली गार झाली की त्यांचा थर्मोस्टॅट बॅटरीचं मंडल जोडायचा, अडकवलेली मोटर सुटायची आणि साखळी ओढून भट्टीची हवेची झडप उघडायची. दोन्ही ठिकाणी खोलीतली वस्तू केवळ एक बटण होती. तिला स्वतःला विजेची गरजच नव्हती. वाकायचं काम धातू करत होता, खोलीच्याच उबेवर.

पुढे अमेरिकी घरांत जी व्यवस्था रुळली ती अजूनही तशीच आहे. फर्नेसमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, बहुधा ४० व्होल्ट-अँपिअरचा. तो घरातल्या विजेचे २४ व्होल्ट करतो. त्याचं एक टोक लाल तारेने थर्मोस्टॅटकडे येतं, त्याला 'आर' म्हणतात. थर्मोस्टॅटने 'आर' पांढऱ्या 'डब्ल्यू'ला जोडला की गॅसची झडप उघडते, पिवळ्या 'वाय'ला जोडला की बाहेरच्या कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलवर चालणारा मोठा स्विच, ओढला जातो, हिरव्या 'जी'ला जोडला की पंखा फिरतो. ट्रान्सफॉर्मरचं दुसरं टोक म्हणजे 'सी', कॉमन. झडप, कॉन्टॅक्टर, पंख्याचा रिले या सगळ्यांची परतीची वाट तीच. पण थर्मोस्टॅट नुसतं बटण असल्यामुळे 'सी' त्याच्यापर्यंत आणायची गरज कुणाला वाटली नाही. फक्त हीटिंग असलेल्या जुन्या घरांत तर दोनच तारा भिंतीत घातल्या गेल्या. भिंत बंद झाली, रंग लागला, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं त्या दोन तारांवर ठीक चाललं.

त्या काळातला राजा म्हणजे हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट, १९५३ चा, हेन्री ड्रेफस यांनी घडवलेला. त्याचं झाकण ओढून काढलं की आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, दोन धातूंची पट्टी दिसते आणि तिच्या टोकाला पारा भरलेली काचेची इवलीशी नळी. पट्टी तापली-निवली की नळी कलते, पारा एका बाजूला घरंगळतो आणि दोन टोकं जोडली जातात. बाजूला एक बारीक तार आणि तिच्यावर सरकणारा काटा, खाली अँपिअरचे आकडे. ही तार म्हणजे अँटिसिपेटर. फर्नेस बंद केल्यावरही तिच्यातली उरलेली ऊब खोलीत येत राहते आणि खोली जास्त तापते. म्हणून ही तार स्वतः किंचित तापून पट्टीला आधीच फसवते आणि फर्नेस वेळेआधी थांबते. काटा झडपेच्या प्रवाहाइतक्या आकड्यावर ठेवायचा, कारण झडपेकडे जाणारा प्रवाहच या तारेतून जातो.

जिथे कूलिंगही असे, तिथे आणखी एक रोधक असायचा. तो उघड्या संपर्काला समांतर. एसी बंद असताना त्याच्यातून बारीक प्रवाह जायचा, थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून. कॉन्टॅक्टर ओढला जाण्याइतका तो नसायचा, पण रोधक थोडा तापायचा आणि एसी जरा लवकर सुरू व्हायचा. म्हणजे मंडल जोडलेलं असताना मालिकेत बसून ऊर्जा घ्यायची आणि मंडल उघडं असताना यंत्राच्या कॉइलमधूनच बारीक प्रवाह ओढायचा, या दोन्ही युक्त्या पाऱ्याच्या थर्मोस्टॅटमध्ये होत्या. आजचे स्मार्ट थर्मोस्टॅट ज्या तंत्रावर जगतात ते या जुन्या कारागिरांच्या हातचं आहे, आणि हे श्रेय त्यांना क्वचितच मिळतं.

आता हिशोब पाहू. गॅसची झडप २४ व्होल्टवर ०.४ अँपिअर घेते असं धरलं तर तिचा रोध सुमारे ६० ओहम. फर्नेस बंद असताना थर्मोस्टॅटने तिच्यातून ५ मिलिअँपिअर ओढले, तर तिच्यावर जेमतेम ०.३ व्होल्ट पडतात. इतक्याने ती हलतही नाही. उरलेले जवळजवळ सगळे २४ व्होल्ट थर्मोस्टॅटला मिळतात. पण हाती येते साधारण एक दशांश वॅट, आणि वाय-फाय बोलू लागलं की क्षणभर अर्धा-एक वॅट लागतो. म्हणून आत छोटी रिचार्जेबल बॅटरी किंवा मोठा कपॅसिटर ठेवतात. थेंबथेंब साठवायचं आणि गरजेला एकदम खर्चायचं.

खरी परीक्षा फर्नेस सुरू झाल्यावर होते. जोडलेल्या बटणाच्या दोन टोकांत व्होल्टेजच उरत नाही, मग घ्यायचं काय? घरात हीटिंग-कूलिंग दोन्ही असतील तर उत्तर सोपं. हिवाळ्यात 'वाय' रिकामा असतो, त्याच्यातून घ्या. उन्हाळ्यात 'डब्ल्यू'मधून घ्या. पण दोनच तारांच्या घरात दुसरी वाट नसते. तिथे थर्मोस्टॅट आपलं इलेक्ट्रॉनिक बटण क्षणमात्र सोडतो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे अर्धं आवर्तन सुमारे ८.३ मिलिसेकंदांचं. त्यातला अगदी छोटा तुकडा बटण उघडं राहतं, तेवढ्यात कपॅसिटर भरून घेतला जातो आणि झडपेला कळायच्या आत मंडल पुन्हा जुळतं. झडपेची कॉइल आणि लोखंड इतक्या चटकन सोडत नाहीत, या एका गोष्टीच्या भरवशावर हे सगळं उभं आहे.

तो भरवसा नेहमी टिकत नाही. नव्या फर्नेसमध्ये कॉइलच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो आणि त्याला इशारा समजायला फार थोडा प्रवाह पुरतो. मग स्वतःसाठी ओढलेल्या त्या चार-पाच मिलिअँपिअरलाच बोर्ड हुकूम समजतो आणि कुणी न सांगता फर्नेस सुरू होते. कुठे कॉन्टॅक्टर थरथरतो, टकटक करतो आणि त्याचे संपर्क जळतात. बॅटरी उतरली की पडदा काळा आणि घर गार. टोनी फाडेल आणि मॅट रॉजर्स यांच्या नेस्ट कंपनीने २०११ मध्ये 'सी'वाचून बहुतेक घरांत चालणारा थर्मोस्टॅट बाजारात आणला, आणि कामगिरी म्हणून ती थोरच. पण जानेवारी २०१६ मध्ये सॉफ्टवेअरच्या दोषामुळे बॅटऱ्या उतरून अनेकांची घरं भर थंडीत गार पडली, तेव्हा घरातली ऊब एका छोट्या बॅटरीवर टांगलेली आहे हे लोकांच्या ध्यानात आलं.

आपल्याकडे हा पेच फारसा येत नाही. स्प्लिट एसीचा सेन्सर घरातल्या युनिटमध्येच असतो आणि त्याला वीज तिथेच मिळते. हातातला रिमोट दोन सेलांवर चालतो. हॉटेलांत खोलीच्या भिंतीवर जो थर्मोस्टॅट असतो त्याला बहुतेक ठिकाणी न्यूट्रलसकट २३० व्होल्ट थेट आणलेले असतात.

उलट टोकाला मिलिव्होल्टवाले हीटर आहेत. त्यांत सतत जळणाऱ्या पायलट ज्योतीत थर्मोपाइल ठेवलेला असतो. ज्योतीच्या उष्णतेवर तो सुमारे ७५० मिलिव्होल्ट तयार करतो आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडते. रस्त्यावरची वीज गेली तरी हा हीटर पेटतो. तिथून काढून घेण्याजोगं काहीच नसतं. थर्मोस्टॅटचे संपर्क जरा काळवंडले तरी तो अडतो. अशा जागी साधा यांत्रिक किंवा स्वतःच्या सेलांवर चालणारा थर्मोस्टॅटच लावावा.

बाकी घरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: 'सी' तार ओढून घ्या. पुष्कळदा ती भिंतीत असतेच. थर्मोस्टॅट काढून मागे पाहिलं की एक निळी तार न सोलता गुंडाळून आत कोंबलेली सापडते. ती दुसऱ्या टोकाला बोर्डावरच्या 'सी'ला जोडली की काम झालं. नसेल तर पंख्याची हिरवी तार 'सी' म्हणून वापरता येते, फक्त पंखा वेगळा चालवायची सोय जाते. टोरोंटोच्या इकोबी कंपनीने यावर चांगला तोडगा काढला. फर्नेसपाशी लावायचा एक छोटा जोड ते देतात. त्याने कूलिंग आणि पंखा हे दोन्ही हुकूम एकाच तारेवरून जातात आणि एक तार 'सी'साठी मोकळी होते.

हे काम करताना फर्नेसची वीज आधी बंद करा. 'आर' आणि 'सी' एकमेकांना टेकले की बोर्डावरचा फ्यूज उडतो. तो मोटारीत असतो तसला चपटा, ३ किंवा ५ अँपिअरचा, आणि स्वस्तात मिळतो. फ्यूज नसलेल्या जुन्या फर्नेसमध्ये ट्रान्सफॉर्मरच जळतो. आणि उन्हाळ्यात पडदा अचानक काळा झाला तर नवा थर्मोस्टॅट आणायच्या आधी एसीचं पाणी साचणारी ताटली बघा. ती भरली की तिच्यातला फ्लोट स्विच वर येतो आणि बऱ्याच घरांत तो 'आर'च तोडतो. निचऱ्याची नळी मोकळी केली की पडदा आपोआप उजळतो.