उजेड आत, ऊन बाहेर

एप्रिलच्या दुपारी उंब्रजला महामार्गाच्या कडेला तासभर उभ्या राहिलेल्या मोटारीचं दार उघडा, आतली धग थेट तोंडावर येते. स्टिअरिंगला हात लावण्याची सोय नसते. यावर आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे काचा काळ्या करणं. शेतातही तेच चालतं. पॉलिहाऊस तापलं की वर शेडनेट ओढायचं किंवा छतावर पांढरा रंग मारायचा. ऊन कमी होतं खरं, पण त्यासोबत उजेडही जातो. गाडी चालवणाऱ्याला रात्री धड दिसत नाही आणि पिकाला पुरेसा प्रकाश मिळत नाही. या दोघांनाही उजेड हवा असतो, नको असते ती उष्णता. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात आणि ते काम रंगहीन प्लॅस्टिकची एक पातळ फिल्म करू शकते.

जमिनीवर पोचणाऱ्या सौरऊर्जेचे तीन वाटे असतात. साधारण ४३ टक्के वाटा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा. त्याच्या लहरींची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). अतिनील किरणांचा वाटा जेमतेम तीन ते पाच टक्के. उरलेला निम्म्याहून अधिक वाटा अवरक्त किरणांचा, म्हणजे इन्फ्रारेडचा. ते दिसत नाहीत, फक्त तापवतात. साधी काच त्यांना सहज आत सोडते. त्यांनी तापलेले सीट आणि डॅशबोर्ड स्वतः उष्णता फेकू लागतात, पण त्या उष्णतेच्या लहरी बऱ्याच लांब असतात आणि काच त्यांना बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते.

आता फिल्मकडे वळू. पावसात ओल्या रस्त्यावर तेल सांडलं की रंगीत वलयं दिसतात. तेलाच्या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. ज्या रंगाच्या लहरी ताल जुळवून परततात, तो रंग उठून दिसतो. इथे तेलाच्या एका थराऐवजी दोन पारदर्शक प्लॅस्टिकचे शेकडो थर आलटून पालटून रचलेले असतात. उदाहरणार्थ, एक थर ताणलेल्या पॉलिएस्टरचा, त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं माप) सुमारे १.६५, आणि दुसरा ॲक्रिलिकचा, सुमारे १.४९. दोन थरांच्या सीमेवरून जेमतेम पाव टक्का प्रकाश परततो. पण प्रत्येक थराची जाडी त्या प्लॅस्टिकच्या आत आखूड झालेल्या लहरीच्या पाव लांबीइतकी ठेवली, म्हणजे १००० नॅनोमीटरच्या लहरीसाठी पॉलिएस्टर सुमारे १५० आणि ॲक्रिलिक सुमारे १७० नॅनोमीटर, तर सगळ्या सीमांवरून परतणाऱ्या लहरी एका तालात येतात. शेकडो पाव टक्क्यांनी एकमेकींना बळ दिलं की ती लहर जवळजवळ संपूर्ण माघारी जाते. दृश्य प्रकाशाचा या जाडीशी ताल जुळत नाही, म्हणून तो सरळ पार होतो. हा सगळा थाट कागदापेक्षा पातळ असतो.

हे शेकडो थर एकेक करून कुणी चिकटवत नाही. चिरोट्यासाठी जशा पोळ्या साटा लावून एकावर एक रचतात आणि पुन्हा लाटतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. वितळलेल्या दोन प्लॅस्टिकचे प्रवाह एकावर एक वाहवतात, तो थरांचा प्रवाह चिरून पुन्हा एकावर एक रचतात आणि पसरवतात. दर फेरीला थर दुप्पट होतात. मग ही फिल्म गरम करून लांबी-रुंदीत ताणतात. ताणल्याने पॉलिएस्टरचे रेणू ओळीने बसतात आणि अपवर्तनांकातला फरक वाढतो.

डाऊ केमिकलमधल्या आल्फ्रे, गर्नी आणि श्रेंक यांनी अशा बहुस्तरीय फिल्मचं प्रकाशविज्ञान १९६९ मध्ये मांडलं. २००० साली थ्री-एम कंपनीच्या मायकेल वेबर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पुढचं मोठं पाऊल प्रसिद्ध केलं. थरांच्या आरशावर प्रकाश तिरका पडला की परावर्तन कमजोर होतं, ही जुनी अडचण होती. प्लॅस्टिक हवं तसं ताणून जाडीच्या दिशेचा अपवर्तनांक जुळवला, तर तिरक्या प्रकाशातही आरसा टिकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. याच जातीच्या फिल्म अनेक लॅपटॉपच्या पडद्यामागे प्रकाश वाया जाऊ नये म्हणून बसवलेल्या असतात.

या फिल्मला मर्यादाही आहेत. १२०० नॅनोमीटरच्या पुढच्या लहरींसाठी थर जाड केले की त्यांचा ताल एक तृतीयांश लांबीच्या लहरींशीही जुळतो. त्या लहरी ४०० च्या वर येतात आणि फिल्मवर रंग चढतो. शिवाय तिरक्या प्रकाशात परावर्तनाचा पट्टा आखूड लहरींकडे, म्हणजे दिसणाऱ्या लाल रंगाकडे सरकतो. म्हणून निव्वळ प्लॅस्टिकच्या फिल्म साधारण ८५० ते १२०० नॅनोमीटरचा पट्टा धरतात. सुदैवाने सूर्याच्या अदृश्य उष्णतेचा मोठा हिस्सा तिथेच असतो.

ॲक्सेसरीजच्या दुकानात गिऱ्हाईकाला दिवा लावून फिल्म दाखवतात. दिव्यापुढे नुसती काच धरली की हाताला चटका बसतो, फिल्म लावलेली काच धरली की बसत नाही. मग सांगतात, ‘९७ टक्के आयआर कट!’ हा आकडा बहुतेक वेळा अवरक्ताच्या एका अरुंद पट्ट्यापुरता असतो. साधा हिशेब करा. दृश्य प्रकाश ऊर्जेच्या ४३ टक्के आहे आणि फिल्म त्यातला ७० टक्के आत सोडते. म्हणजे शंभरातले तीस भाग आत येणारच, एकूण उष्णता ९७ टक्के अडणं शक्यच नाही. विचारायचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण किती सौरऊर्जा रोखली. दुसरा प्रश्न, फिल्म उष्णता परतवते की शोषते? शोषणारी फिल्म स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. दिव्यासमोरच्या क्षणभराच्या चाचणीत हे कळत नाही.

तिसरा प्रश्न कायद्याचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड पार व्हायला हवा. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली. पुढे नियम बदलले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ही टक्केवारी पाळणारी फिल्म चालेल असा निर्वाळा दिला. तरी इथे लावण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. मोजणी काच आणि फिल्म मिळून होते. काच ८० टक्के आणि फिल्म ७० टक्के उजेड सोडत असेल, तर दोन्ही मिळून ५६ टक्केच उरतो. बाजूच्या काचेला तो चालतो, पुढच्या काचेला नाही. धातूचा मुलामा असलेली फिल्म रेडिओलहरीही अडवते. पुढच्या काचेवर ती असेल तर तासवडे टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाण्यात अडथळा येऊ शकतो. निव्वळ प्लॅस्टिकच्या थरांना ही अडचण नाही.

या उद्योगाचा एक धागा आपल्याच मुलखातून जातो. आबासाहेब गरवारे यांचा जन्म १९०३ मध्ये तासगावचा. मुंबईत जुन्या मोटारींच्या व्यापारातून ते वर आले आणि पुढे त्यांच्या उद्योगसमूहाने पॉलिएस्टर फिल्म हाती घेतली. आज छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांतून गरवारेंच्या सन-कंट्रोल फिल्म देशोदेशी जातात. पॉलिएस्टर ओढायचं, ताणायचं आणि त्यावर प्रक्रिया करायची विद्या महाराष्ट्रात दशकानुदशकं मुरलेली आहे.

या विद्येची खरी गरज मला गाडीपेक्षा शेतात दिसते. पीक प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरचाच प्रकाश वापरतं, म्हणजे आपल्याला दिसतो तोच. जवळच्या अवरक्ताने पॉलिहाऊस तापतं, ते गार ठेवणाऱ्या पंख्यांवर आणि ओल्या पॅडवर वीज व पाणी खर्ची पडतं. पन्नास टक्क्यांचं शेडनेट ओढलं की उष्णतेबरोबर पिकाचा निम्मा प्रकाशही जातो. अवरक्त परतवणारं आच्छादन तेवढीच नको असलेली गोष्ट बाहेर ठेवील. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनच्या संशोधकांनी अशा आच्छादनांचा अभ्यास केला आहे. पण तिथे थंडीत हीच उष्णता हवी असते, आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने ती नकोच असते. म्हणजे ही फिल्म त्यांच्यापेक्षा आपल्या हवामानाला अधिक मानवणारी आहे. अडसर किमतीचा आहे, आणि उन्हापावसात ती किती वर्षं टिकेल याचा.

हे दोन्ही अडसर संशोधनाने आणि मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाने कमी होणारे आहेत. कृष्णाकाठची ढोबळी मिरची आणि तासगावची द्राक्षं आता प्लॅस्टिकखाली येऊ लागली आहेत, आणि प्लॅस्टिकची जाण असलेले कारखाने याच राज्यात आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि या कारखान्यांनी मिळून इथल्या उन्हात, इथल्या पिकावर हंगामभर या फिल्मच्या चाचण्या घ्याव्यात आणि त्यांचे आकडे शेतकऱ्यांपुढे ठेवावेत.