मांजराचा खेळ

‘मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव’ ही म्हण आपण माणसांबद्दल बोलताना वापरतो. पण ती ज्यावरून आली ते दृश्यही बहुतेकांनी पाहिलेले असते. मांजर उंदीर धरते, सोडून देते, पुन्हा पंजाने ओढते, हवेत उडवते. पाहणाऱ्याला हा क्रूरपणा वाटतो. वर्गात हा विषय निघाला की मुले हमखास विचारतात, की मांजराला भूक नसेल तर ते उंदीर धरते कशाला, आणि भूक असेल तर चटकन खाऊन का टाकत नाही?

मॅक्सीन बिबेन या संशोधिकेने या प्रश्नावर केलेले प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध झाले. मांजराची भूक आणि भक्ष्याचा आकार या दोन गोष्टी बदलल्या तर काय होते, हे त्यांनी पाहिले. भूक वाढली की भक्ष्य मारले जाण्याची शक्यता वाढते आणि भक्ष्य मोठे व मारायला अवघड असले की ती कमी होते, असे आढळले. यात मांजराची बाजूही लक्षात घ्यायला हवी. भक्ष्य ठार करण्यासाठी त्याला आपले सुळे उंदराच्या मानगुटीत रुतवावे लागतात, म्हणजे स्वतःचा चेहरा व डोळे उंदराच्या पटाशीच्या दातांजवळ न्यावे लागतात. उंदीर लहान असेल तर ठीक, पण घूस असेल तर प्रकरण अंगाशी येऊ शकते. अशा वेळी लांबूनच पंजे मारून भक्ष्याला दमवणे शहाणपणाचे ठरते. आपल्याला दिसणाऱ्या ‘खेळा’त भूक आणि भीती यांची ओढाताण बरीच असते.

जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन (१९१६-१९९८) यांनी मांजराच्या शिकारीचा अनेक वर्षे अभ्यास केला. टेहळणी, दबा धरून पुढे सरकणे, झडप, धरणे, मारणे आणि खाणे हे शिकारीचे टप्पे त्यांनी वेगळे केले आणि असे दाखवले, की या प्रत्येक टप्प्याची ऊर्मी स्वतंत्र असते. पोट भरलेले असले तरी टेहळणीची व झडपेची ऊर्मी शिल्लक राहते. याचे कारणही समजण्यासारखे आहे. केवळ उंदरांवर जगायचे तर मांजराला दिवसाला साधारण आठ-दहा उंदीर लागतात आणि बरेच हल्ले फुकट जातात. भूक लागेपर्यंत थांबून मग शिकारीला निघणारे मांजर उपाशीच राहील.

घरातल्या मांजराचे दूध-भाकर, मासळी किंवा विकतचे खाद्य आयते ताटलीत येते. शिकारीचा शेवटचा टप्पा तेवढा उरकतो आणि आधीचे सगळे टप्पे तसेच राहतात. मांजराचे अनेक चमत्कारिक चाळे हे या उरलेल्या टप्प्यांचे तुकडे आहेत, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पांघरुणाखाली हलणारा आपला पाय त्याच्या दृष्टीने बिळातला उंदीर असतो. टेबलावरचे पेन ते पंजाने हळूहळू कडेपर्यंत ढकलते. संशयास्पद वस्तू जिवंत आहे की नाही, हे पाहण्याची त्याची पद्धत तीच आहे. तिन्हीसांजेला ते कारण नसताना घरभर उधळते, कारण पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या पूर्वजांच्या शिकारीच्या वेळा होत्या.

त्याची ज्ञानेंद्रियेही याच कामासाठी घडलेली आहेत. हालचाल टिपण्यात त्याचे डोळे तरबेज असतात, पण साधारण २५ सेंटिमीटरच्या आतली वस्तू त्यांना स्पष्ट दिसत नाही. नाकापुढे ठेवलेला माशाचा तुकडा मांजर शोधत बसते ते यामुळेच. झडपेच्या अखेरच्या क्षणी ते मिशा पुढे वळवते आणि भक्ष्य कुठे आहे हे स्पर्शाने ओळखते. माणसाला फार तर २० हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर मांजराला ६० हजार हर्ट्‌झच्याही वरचे येतात. उंदरांची एकमेकांना दिलेली चिरकी हाक यात बसते. प्लास्टिकच्या पिशवीचा किंवा कागदाचा चुरचुराट ऐकून मांजर खडबडून उठते, त्यालाही पाचोळ्यातल्या खसखशीशी असलेले साम्य कारण असावे.

सगळे चाळे मात्र शिकारीत बसत नाहीत. पावसाळ्यात भिंतीकडेला उगवणारे खोकली नावाचे तण बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याचे मूळ उकरून मांजर चावते आणि मग धुंद होऊन लोळते. त्या मुळात मांजराला भुरळ घालणारी काही रसायने आहेत. त्याच प्रकारचे एक रसायन जपानमधील एका वेलीच्या पानांत असते आणि ते मांजराने अंगाला चोळले की डास कमी बसतात, असे जपानी संशोधकांनी २०२१ साली दाखवले. म्हणजे या लोळण्यातही काही फायदा आहे.

खेळणे कोणते आवडते?

ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातील सारा हॉल व जॉन ब्रॅडशॉ यांचे १९९८ सालचे संशोधन शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे, कारण प्रयोगाची मांडणी अगदी साधी आहे. मोठ्या मांजरांना जेवणानंतर थोड्या वेळाने व बऱ्याच तासांनी अशी खेळणी देऊन पाहिली. भुकेलेली मांजरे अधिक जोमाने खेळली, आणि एरवी ज्या मोठ्या खेळण्याला ती बिचकत त्यालाही भिडली. खऱ्या भक्ष्याबाबत बिबेन यांना जे दिसले तेच इथे खोट्या भक्ष्याबाबत दिसले. खेळ आणि शिकार एकाच यंत्रणेतून येतात याचा हा चांगला पुरावा आहे.

याच गटाने २००२ साली पुढचा प्रश्न घेतला. तेच खेळणे पुन्हा पुन्हा दिले की मांजराचे लक्ष उडते, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यानंतर लगेच वेगळे खेळणे दिले तर? मांजर पहिल्या वेळेपेक्षाही अधिक जोरात खेळले. कंटाळा आला होता तो त्या खेळण्याचा; खेळण्याची ऊर्मी उलट साठत गेली होती. ज्या ‘भक्ष्या’ला कितीही चावले तरी ते फाटत नाही, त्याची पिसे निघत नाहीत, ते सोडून देणे शिकाऱ्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. म्हणून दहा खेळणी एकदम पसरून ठेवण्यापेक्षा तीन-चार ठेवावीत, एक बाहेर काढावे व बाकीची बंद डब्यात टाकावीत. जेवणाच्या आधी पाच-दहा मिनिटे खेळवावे आणि खेळ संपताच खायला द्यावे.

अशा खेळाचा फायदा मांजराचे भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांनाही होतो. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली इंग्लंडमधील ३५५ मांजरांच्या पाहणीवरून असे दाखवले, की रोज पाच-दहा मिनिटे खेळवलेल्या मांजरांनी मारून घरी आणलेले प्राणी २५ टक्क्यांनी कमी झाले.

जीभ आणि दोरा

येथपर्यंतचे वाचून एक निष्कर्ष निघतो तो थोडा काळजीचा आहे. मांजराला उत्तम वाटणारे खेळणे म्हणजे लहान, वळवळणारे, तोंडात धरता येईल असे काहीतरी. या व्याख्येत घरातली सर्वांत चपखल बसणारी वस्तू म्हणजे दोरा. बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात मांजर नेहमी लोकरीच्या गुंड्याशी खेळताना काढलेले असते. मला ते चित्र बदलावेसे वाटते.

मांजराने हात चाटला की जीभ खरखरीत लागते. तिच्यावर नखांच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे, लहान काटे असतात आणि ते सर्व घशाच्या दिशेने वळलेले असतात. अमेरिकेतील ॲलेक्सिस नोएल व डेव्हिड हू यांनी २०१८ साली दाखवले, की या काट्यांची टोके पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. अंग स्वच्छ करायला ही रचना फार सोयीची आहे. पण दोरा तोंडात गेला की तीच घातक ठरते. काट्यांत अडकलेला दोरा थुंकून टाकणे मांजराला जमत नाही. जिभेची प्रत्येक हालचाल त्याला आतच ढकलते.

पुढे काय होते ते सांगितल्यावर मुले दोरा उघड्यावर टाकत नाहीत, म्हणून सविस्तर सांगतो. गिळलेल्या दोऱ्याचे एक टोक अनेकदा जिभेच्या बुडाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरतो. आतडे लाटांसारख्या हालचालींनी तो पुढे सारू पाहते. टोक अडकलेले असल्याने दोरा सरकत नाही, आतडेच दोऱ्यावर चढत जाते. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात, तशा आतड्याला पडतात. ताणलेला दोरा मग आतड्याची भिंत करवतीसारखा कापू लागतो. भोक पडले तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो आणि मांजर दगावू शकते. वारंवार उलट्या, अन्न टाकणे, कोपऱ्यात लपून बसणे, लाळ गळणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. ओढल्याने आतडे चिरते. उलटी व्हावी म्हणून मीठपाणी पाजणेही धोक्याचे आहे.

आपल्या घरात असे दोरे कमी नसतात. सुकलेल्या गजऱ्याचा दोरा, राखी, शिवणाच्या डब्यातली ओवलेली सुई, केसांची रबरे. संक्रांतीनंतर गच्चीवर मांजाचे तुकडे आठवडेच्या आठवडे पडून असतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तरी तो सापडतोच. कपाटातून घरंगळलेली डांबराची गोळी हेही मांजराला छान चेंडूसारखे वाटते. त्यातले नॅप्थलीन त्याला विषारी आहे, कारण अशी काही द्रव्ये निकामी करण्याची त्याच्या यकृताची ताकद आपल्यापेक्षा बरीच कमी असते. प्लास्टिकच्या पिशवीत शिरणे मांजरांना आवडते. तिचे बंद मानेत अडकतात, म्हणून ते आधी कापावेत. त्यापेक्षा पुठ्ठ्याचा खोका बरा. नेदरलँड्‌समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आश्रयगृहात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोका मिळाला ती लवकर स्थिरावली. खोक्याच्या पिना तेवढ्या काढून टाकाव्यात.

लेझरच्या ठिपक्यामागे मांजर वेडे होऊन धावते. पण हे भक्ष्य कधीच पंजात येत नाही. २०२१ साली मांजरपालकांच्या एका पाहणीत, लेझर जास्त वापरणाऱ्या घरांतील मांजरे सावल्या व कवडशांमागे पुन्हा पुन्हा धावण्यासारखे चाळे जास्त करतात असे दिसले. हा नुसता सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. तरीही ठिपका शेवटी धरता येण्याजोग्या खेळण्यावर आणून थांबवणे बरे. डोळ्यांवर तर तो पाडूच नये.

पिल्लाला हाताच्या बोटांशी खेळवण्याची सवय घरोघरी असते. पिल्लाचे दात लहान असतात तोवर गंमत वाटते. मोठे झाल्यावर तेच मांजर झोपेतल्या बोटांवर झडप घालते. चावा वा ओरखडा आल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. रेबीज मांजरांमुळेही होतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला प्रतिबंधक लस देता येते, पुढचे डोस पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावेत.

आणि गॅलरी. कबुतरामागे झेप घेणारे मांजर कठड्याचा विचार करत नाही. पडताना ते हवेत वळते आणि पायांवर उतरते. फ्रेंच संशोधक एत्येन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली याची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली होती. मांजर शरीराचा पुढचा व मागचा भाग वेगवेगळा फिरवते, त्यामुळे कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा नियमही मोडत नाही. मात्र यावरून ‘मांजराला काही होत नाही’ असा समज आहे तो खोटा आहे. १९८७ साली न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ती सरासरी साडेपाच मजल्यांवरून पडली होती आणि उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. हा आकडा अनेक ठिकाणी कौतुकाने दिला जातो. पण जागीच मेलेले मांजर कोणी दवाखान्यात नेत नाही! नमुना कसा निवडला गेला हे पाहिल्याशिवाय टक्केवारी वाचू नये, यासाठी इतके सोपे उदाहरण मिळणे कठीण. गॅलरीला जाळी लावावी हे ओघाने आलेच.

हॉल व ब्रॅडशॉ यांचा प्रयोग विद्यार्थ्यांना घरी करता येईल, मात्र पाळीव व लस दिलेल्या मांजरावरच. कागदाचा बोळा, बुचाचा तुकडा नको पण टेबल-टेनिसचा चेंडू, आणि काठीला घट्ट शिवलेली सुती कापडाची रुंद पट्टी अशी तीन खेळणी घ्यावीत. पट्टी खेळानंतर कपाटात बंद करावी. नेहमीच्या जेवणाच्या आधी एक दिवस व नंतर एक दिवस असे आलटून पालटून, तेच खेळणे पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा द्यावे, चौथ्यांदा दुसरे द्यावे आणि प्रत्येक वेळी मांजर किती मिनिटे खेळले ते लिहावे. मांजराला मुद्दाम उपाशी ठेवू नये. दोन आठवड्यांत आलेख काढण्याइतक्या नोंदी होतात. मांजर शेपटी उंच करून निघून गेले, तर त्या रकान्यात शून्य लिहावे. रकाना रिकामा सोडू नये.