औषधजन्य गर्भपातानंतरचा रक्तस्राव व ऋतुचक्र

गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून, केवळ औषधे देऊन गर्भपात घडवून आणल्यावर योनिमार्गे होणारा रक्तस्राव आणि त्यानंतर ऋतुचक्र पूर्ववत होईपर्यंत त्यात दिसणारे तात्पुरते बदल. हा स्राव दिसण्यास मासिक पाळीसारखा असला, तरी ती पाळी नव्हे. तसेच तो किती झाला वा किती दिवस चालला, एवढ्यावरून गर्भपात पूर्ण झाला की नाही, हे निश्चित सांगता येत नाही. या दोन गोष्टी ध्यानात न घेतल्यामुळे एकीकडे अकारण भीती व अनावश्यक ‘क्युरेटिंग’, तर दुसरीकडे जिवावर बेतणारी दिरंगाई घडते.

या कामी मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल ही दोन औषधे क्रमाने वापरतात. पहिले औषध फ्रान्समधील रूसेल-युक्लाफ या कंपनीत १९८० मध्ये तयार झाले व ‘आरयू-४८६’ या नावाने गाजले. एत्येन-एमील बोल्यू या जीवरसायनशास्त्रज्ञांचा त्याच्या विकासात मोठा वाटा होता. फ्रान्समध्ये १९८८ साली व भारतात २००२ साली त्याला मान्यता मिळाली. मिसोप्रोस्टॉल हे मुळात जठरव्रणावरील औषध. भारतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ९ आठवड्यांपर्यंत ही पद्धती वापरली जाते. मिफेप्रिस्टोन २०० मिग्रॅ. पोटात दिल्यावर २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम योनिमार्गात, गालाच्या आत किंवा जिभेखाली ठेवतात [→ गर्भपात].

रक्तस्रावाचे मूळ गर्भाशयाच्या अंतःस्तरात आहे. हा स्तर टिकून राहण्यास प्रोजेस्टेरोन हे हॉर्मोन आवश्यक असते. नेहमीच्या चक्रात गर्भधारणा न झाल्यास अंडकोशातील पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरोनाचा पुरवठा तुटतो व स्तर गळून पडतो, हीच पाळी. मिफेप्रिस्टोन हे हॉर्मोन नाहीसे करीत नाही. ते ज्या ग्राहींवर काम करते त्या अडवून धरते. हॉर्मोन रक्तात असूनही निरुपयोगी ठरल्याने अंतःस्तर मोडू लागतो, गर्भ सुटा होतो व गर्भाशयाची ग्रीवा मऊ पडते. मिसोप्रोस्टॉलामुळे मग गर्भाशय जोराने आकुंचन पावते व आतील ऊतक बाहेर टाकते. याच आकुंचनाने स्नायूंतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन रक्त थांबते. आत ऊतक अडकून राहिल्यास गर्भाशय नीट आवळले जात नाही व स्राव लांबतो.

पहिल्या औषधानंतर बहुधा काहीच घडत नाही, क्वचित थोडे डाग पडतात. मिसोप्रोस्टॉलानंतर साधारणतः एक ते चार तासांत पोटात कळा येऊन रक्तस्राव सुरू होतो. पुढील काही तास तो नेहमीच्या पाळीपेक्षा बराच जास्त असतो व गाठीही पडतात. गर्भ पडून गेल्यावर जोर ओसरतो. त्यानंतर सरासरी ९ ते १६ दिवस कमीअधिक स्राव वा डाग चालू राहतात. शेकडा ८ पर्यंत स्त्रियांत तो ३० दिवस वा अधिकही चालतो. मध्येच एकदोन दिवस थांबून पुन्हा सुरू होणे, हेही नेहमीचेच. कळांवर आयब्युप्रोफेन घेता येते. त्याने मिसोप्रोस्टॉलाचे कार्य बिघडत नाही. पहिल्या दिवशी हुडहुडी व ताप येतो तो बहुधा औषधाचाच परिणाम असतो.

जितके रक्त अधिक जाईल तितका ‘कोठा साफ’ होतो, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. जाणारे रक्त दूषित नसते. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील शेकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे लक्षात घेता ते वाया जाणे परवडणारेही नाही. उपचारापूर्वी हीमोग्लोबिन पाहणे व नंतर लोहयुक्त गोळ्या देणे याला म्हणूनच महत्त्व आहे.

लागोपाठ दोन तास दर तासाला दोन मोठ्या घड्या (पॅड) पूर्ण भिजणे, भोवळ येणे, मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास उलटल्यावरही ३८° से. वा अधिक ताप राहणे, दुर्गंधीयुक्त स्राव व औषधाने न शमणारी पोटदुखी, यांपैकी काहीही असल्यास विलंब न करता रुग्णालयात जावे. परंतु रक्त फारच कमी जाणे किंवा मुळीच न जाणे, हे लक्षणही तितकेच गंभीर मानले पाहिजे. गर्भ अंडवाहिनीत रुजला असेल, तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही; नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि बाहेर जेमतेम डाग दिसतात. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेण्यातील मोठा धोका हाच. अशा स्त्रीने नंतर भयाने वा संकोचाने घरीच थांबू नये. १९७१ च्या कायद्यानुसार गर्भपातास प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची लागत नाही.

सुमारे दोन आठवड्यांनी गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री करतात. अपयशाचे प्रमाण थोडे असले, तरी गर्भ वाढतच राहिल्यास मिसोप्रोस्टॉलामुळे त्यात व्यंग निर्माण होण्याचा संभव असतो. लघवीची नेहमीची गर्भचाचणी मात्र चार आठवड्यांपर्यंत फसवी ठरू शकते, कारण गर्भाचे हॉर्मोन रक्तातून हळूहळू नाहीसे होते. सोनोग्राफीत अंतःस्तर जाड दिसणे वा थोड्या गाठी दिसणे, एवढे एकच कारण गर्भाशय खरवडण्यास पुरेसे नाही. स्त्रीची प्रकृती ठीक असून स्राव उतरणीला लागला असेल, तर वाट पाहणे श्रेयस्कर. हा संयम रुग्णाइतकाच वैद्यालाही कठीण जातो.

गर्भाचे हॉर्मोन ओसरताच पोष ग्रंथी व अंडकोश यांचे कार्य पुन्हा सुरू होते. अंडमोचन सरासरी तीन आठवड्यांनी, परंतु काही स्त्रियांत आठव्या दिवशीच झालेले आढळते. पहिली खरी पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांनी येते. ती नेहमीपेक्षा जास्त जाऊ शकते, उशिराही येते. पुढील एकदोन चक्रांत नियमितपणा परततो. आठ आठवडे उलटूनही पाळी न आल्यास तपासणी करावी. अंडमोचन पाळीच्या आधी होत असल्यामुळे पाळी येण्यापूर्वीच, किंबहुना गर्भपाताचे डाग पुरते थांबण्यापूर्वीही, पुन्हा गर्भ राहू शकतो. ‘पाळी आली की मग गोळ्या सुरू करू’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. संततिप्रतिबंधक गोळ्या मिसोप्रोस्टॉल घेतल्याच्या दिवसापासून सुरू करता येतात. तांबी गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री होताच बसवितात. गुंतागुंत न झालेल्या औषधजन्य गर्भपाताने पुढील गर्भधारणेची क्षमता घटत नाही.