खाजेवरचे मलम : कोणत्या खाजेला, किती आणि किती दिवस



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय आमच्या खात्याचा नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे. परंतु गटात फिरताना, लागण नोंदीच्या वेळी बांधावर बसल्यावर एक गोष्ट वारंवार नजरेस येते. सभासद बोलता बोलता कमरेला, जांघेत, मानेला खाजवत असतो. विचारलं की खिशातून एक चेपलेली नळी निघते. "मेडिकलवाल्याने दिली, लावलं की घटकेत गार पडतं." किती दिवस लावता? "झालं असेल वरीस-दीड वरीस."

घटकेत गार पडतं हे खोटे नाही. खरी अडचण तिथेच आहे. खाज कशानेही उठलेली असो, गवताने, बुरशीने नाही तर किड्याने, त्या नळीतले औषध तिला काही काळ गप्प बसवते. म्हणून गुण आला यावरून औषध बरोबर होते असे ठरत नाही. डॉक्टरचे काम आम्ही करू शकत नाही. मात्र औषधाच्या डब्यावर काय लिहिले आहे, ते कशावर चालते आणि मात्रा किती, हे सांगण्यात आमची उमर गेली आहे. तेवढ्याच हक्काने लिहितो. वैद्यकीय माहिती त्वचारोगतज्ज्ञांनी मान्य केलेली आहे, आमच्या पदरची नाही.

या औषधाचे नाव स्टेरॉइड. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात, त्यांत तयार होणाऱ्या रसासारखेच हे असते. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी सांधे आखडलेल्या रुग्णाला ते प्रथम टोचले आणि १९५० मध्ये केंडॉल व राइखस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून पाहिले. इसब झालेल्या माणसांना तोवर डांबर, गंधक आणि जस्ताची मलमे यांपलीकडे फारसे काही नव्हते. तेव्हा हे औषध म्हणजे मोठा आधार आहे, विष नव्हे. 'स्टेरॉइड' शब्द ऐकून नळी उकिरड्यावर टाकणारेही आम्हांला भेटतात. तेही चुकतात.

आपल्या नाशिक भागातला दाखला देतो. टू-फोर-डी हे तणनाशक उसात मारले तर रुंद पानांचे तण मरते, उसाला धक्का लागत नाही. तेच औषध वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेत गेले तर पाने पंख्यासारखी आकसतात, आणि मग दोन भाऊबंदांत बोलणे बंद होते. औषध तेच, डबा तोच. स्टेरॉइडच्या मलमाचे अगदी असेच आहे.

मलम चालते कशावर? गाजर गवताने उठणारी खाज हे आपल्याकडचे पहिले उदाहरण. हे गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले, आणि आज गोदाकाठी चांदोरी-सायखेड्यापासून दिंडोरीपर्यंत एक बांध त्याच्यावाचून सापडायचा नाही. १९८४ मध्ये मेक्सिकोतला भुंगेरा आपल्या देशात त्यावर सोडला, तो पावसाळ्यात पाने खातो, पण पुरा पडत नाही. या गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने काही माणसांच्या अंगाला वावडे होते. हाताने उपटलेच पाहिजे असेही नाही, वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने अंगावर आली तरी पुरे. पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराची घडी लाल होऊन सोलते, चिघळते, उन्हात वाढते, आणि पुढे कातडी चामड्यासारखी जाड होते. उसाच्या पाचटाची कूस, सिमेंट, फवारणीची औषधे, काहींना हातमोज्याचे रबर, यांनीही असा दाह होतो. लहान मुलांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीतला इसब हा याच घरातला. इथे डॉक्टरने दिलेले मलम नेमाने लावावे. भिऊन अर्धवट सोडले तर मूल रात्रभर खाजवते, नखाने जखमा होतात, पू धरतो. अर्थात मूळ कारण लांब केल्याशिवाय मलम एकटे पुरणार नाही. गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, अंगभर कपड्यात काढावे आणि घरी येताच साबणाने अंग धुवावे. ज्याला एकदा बाधले आहे त्याने ते काम दुसऱ्यावर सोपवावे.

आता मलम चालत नाही ते कशावर. गजकर्ण, म्हणजेच नायटा, ही बुरशी आहे. पाणी भरताना भिजलेली चड्डी, घाम, दिवसभर अंगाला घट्ट बसलेली जीन्स, घरात सगळ्यांना मिळून एक टॉवेल, हे तिचे खत-पाणी. सुरुवातीला गोल चट्टा दिसतो, कड उठावदार व खवले असलेली आणि मधली जागा निवळलेली. त्यावर स्टेरॉइड लावले की लाली जाते, खाज जाते. बुरशी मात्र मजेत वाढते, कारण तिच्याशी झगडणारी अंगाची ताकदच आपण झोपवलेली असते. मलम थांबवताच दुप्पट जोराने उठते. पुढे चट्ट्याचा आकार असा बिघडतो की डॉक्टरलाही पटकन ओळखू येऊ नये. या 'वेष पालटलेल्या' गजकर्णाला १९६८ मध्येच इंग्लंडातल्या डॉक्टरांनी वेगळे नाव दिले होते.

आपल्याकडे भर पडली ती मिश्र मलमांची. एकाच नळीत स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध. एका पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक घालून 'काही तरी लागू पडेल' म्हणणाऱ्याला आम्ही काय बोलतो ते सभासदांना माहीत आहे! गेल्या काही वर्षांत देशभर हट्टी गजकर्णाची साथ पसरली आणि तज्ज्ञ तिच्या कारणांत या नळ्यांचा सर्रास वापर धरतात. २०२० मध्ये त्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. यादी झाली, पण गावात नळी अजून मिळते.

गजकर्णाला फक्त बुरशीचे औषध, आणि तेही डाग दिसेनासा झाल्यावर आणखी निदान दोन आठवडे. गोळ्या लागल्या तर डॉक्टर देतील. घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांनी एकदमच घ्यावे, नाही तर टॉवेलावरून फिरून येते. कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवावेत.

खरूज ही तिसरी. ती सूक्ष्म किड्याची. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, आणि घरातल्या अनेकांना एकदम. तोडणीच्या टोळीत एका कोपीत शिरली की सगळ्या कोप्यांत पोचते. तिला स्टेरॉइडने फक्त झाकता येते. डॉक्टर परमेथ्रिनचे मलम देतात. ते मानेपासून तळव्यापर्यंत रात्रभर सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे आणि आठवड्याने पुन्हा. लेकरांचे आणि गरोदर बाईचे डॉक्टरला विचारून. मुकादमाला हे सभासदांनी आवर्जून सांगावे.

नळीत काय आहे हे ओळखायचे कसे? ठळक छापलेले नाव सोडून द्या, ते कंपनीचे. खाली बारीक अक्षरात घटक असतात. इंग्रजी वाचणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. शेवट 'सोन' असेल (बेटामेथासोन, मोमेटासोन, हायड्रोकॉर्टिसोन), किंवा क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल असेल, तर ते स्टेरॉइड. क्लोट्रिमाझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही 'झोल'वाली बुरशीची औषधे. 'सॉल' आणि 'झोल' यांत गफलत करू नका. दोन्ही एकाच नळीत असतील तर ती मिश्र नळी समजावी. यांतही हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, बेटामेथासोन व्हॅलरेट व मोमेटासोन तीव्र, क्लोबेटासॉल अतितीव्र. गावात सर्वांत जास्त फिरते ती शेवटचीच.

जागेप्रमाणेही फरक पडतो. हायड्रोकॉर्टिसोनवर १९६७ साली मोजून पाहिलेले आहे. कोपराखालच्या हातातून जेवढे औषध अंगात शिरते त्याला १ धरले, तर कपाळातून ६ पट, जबड्याच्या कातडीतून १३ पट आणि वृषणाच्या कातडीतून ४२ पट शिरते. तळपायातून मात्र जेमतेम सातवा हिस्सा. आमच्या सभासदांची नळी नेमकी जांघेत रिकामी होते. तिथे तीव्र मलम महिनोन्महिने लावले की कातडी कागदासारखी पातळ होते आणि मांडीला लांबट लाल चिरा पडतात. त्या पुढे फिक्या होतात, पण जात नाहीत.

चेहऱ्याचे वेगळे सांगायला हवे. लग्न ठरलेल्या मुलींना 'गोरेपणाची क्रीम' म्हणून स्टेरॉइडची मिश्र नळी दिली जाते. पंधरा दिवस तेज दिसते, मग फोड, केस, लाल शिरा, आणि क्रीम सोडली की आग. ज्यांनी बरेच महिने लावले आहे त्यांनी एकदम बंदही करू नये. डॉक्टर हळूहळू सोडवतात. डोळ्याभोवती लागत राहिले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. तान्ह्या मुलाच्या लंगोटाखाली तीव्र मलम कदापि लावू नये. झाकलेल्या जागी ते जास्त मुरते आणि बाळाच्या वाढीवर येते.

मात्रेसाठी वजनकाटा नको. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक रेघ काढा. ती सुमारे अर्धा ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. ही पद्धत १९९१ मध्ये इंग्रज डॉक्टरांनी मांडली. एका हाताला तीन रेघा, पंजाला एक, एका पायाला सहा, पावलाला दोन. १५ ग्रॅमच्या नळीत अशा ३० रेघा. चोळून जिरवायचे नाही, पातळ फासायचे, बहुधा दिवसातून एकदा, डॉक्टर सांगतील तितके दिवस, आणि फक्त लाल जागेवर. कोरड्या कातडीला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावत असाल तर दोहोंत अर्धा तास जाऊ द्या. वरून पट्टी बांधू नका, पू असलेल्या जागी लावू नका. क्लोबेटासॉल सलग दोन आठवड्यांच्या वर नाही आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नाही, ही त्याची ठरलेली हद्द आहे. भावाला दिलेली चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

चट्टा पसरत असेल, घरात दुसऱ्यालाही उठला असेल, किंवा दोन आठवड्यांत फरक नसेल, तर नाशिकला जिल्हा रुग्णालयात किंवा आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवावे. बुरशी आहे की नाही हे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते, बहुधा त्याच दिवशी कळते. जाताना घरात असतील नसतील त्या सगळ्या नळ्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. पूर्वी काय काय लावले हे डॉक्टर विचारतातच, आणि तोंडी नाव कोणाला आठवत नाही.