परसातल्या कोंबड्या आणि कुंपणाआडची भाजी

घराच्या मागच्या मोकळ्या जागेला देशावर परस म्हणतात, कोकणात परडे. न्हाणीचे पाणी तिथे जाते, चुलीतली राख तिथे पडते, सरपण तिथे रचलेले असते आणि पाच-दहा गावठी कोंबड्या दिवसभर तिथेच उकरत फिरतात. पिकांच्या नोंदीत हा तुकडा कुठेच येत नाही, तरी घरातली अंडी, पावसाळ्यातली बरीचशी भाजी, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा आणि देवाची फुले इथूनच मिळतात. परसाचे काम बहुतेक घरांत बायका, म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले करतात. शेतीच्या हिशेबात ते धरले जात नाही, हा त्यांच्या कष्टांवरचा मोठा अन्याय आहे.

परसातल्या सगळ्या कारभाराचे केंद्र कोंबडी असते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबडीची अंडी तीनशेच्या आसपास जातात, पण तिला विकतचे खाद्य लागते आणि ती पिल्ले काढत नाही. गावठी कोंबडी मात्र आपले पोट बव्हंशी आपणच भरते. किडे, गांडुळे, गवताचे बी, खळ्यावर सांडलेले दाणे, भाताची कणी, शिळी भाकरी असे जे मिळेल ते ती खाते. दात नसल्यामुळे दाण्यांबरोबर बारीक खडेही गिळते, आणि पेषणी नावाच्या जाड स्नायूंच्या पिशवीत त्या खड्यांवर दाणे भरडले जातात. अंड्याच्या कवचासाठी तिला चुना लागतो. किनारपट्टीवर त्यासाठी तिसऱ्यांचे शिंपले कुटून घालतात. इतरत्र अंड्यांची टरफले वाळवून, चुरून परत तिलाच देतात. ती चुरूनच द्यावी लागतात, कारण अख्खे टरफल टोचायची सवय लागली की कोंबडी स्वतःची अंडी फोडू लागते.

बारा-पंधरा अंडी घालून झाली की गावठी कोंबडी खुडूक होते. अंडी घालणे थांबवून ती एकाच जागी बसून राहते, अंग फुगवते, जवळ गेलेल्या हातावर चोच मारते. पिल्ले हवी असतील तर हीच वेळ साधायची. टोपलीत भुसा किंवा वाळके गवत घालून त्यावर दहा-बारा अंडी मांडतात. ती आठ-दहा दिवसांपेक्षा जुनी नसावीत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाहेर पडून राहिलेल्या अंड्यातला जीव अर्धवट वाढून मरतो, म्हणून जाणत्या बायका बसवायची अंडी मडक्यात धान्यात किंवा भुशात पुरून घराच्या गार कोपऱ्यात ठेवतात. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली की फळलेल्या अंड्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसते. जे अंडे आरपार स्वच्छ दिसते ते वांझ, ते काढून टाकायचे. कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठते, बाकी वेळ अंडी उलटीपालटी करत बसून राहते. एकविसाव्या दिवशी पिल्ले कवच फोडतात. बाहेर पडण्याआधी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो, त्यामुळे पहिले दोन दिवस त्याला काही खायला मिळाले नाही तरी चालते. मागची अंडी उबेपर्यंत आईला टोपली सोडावी लागू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे.

गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती आता खेड्यापाड्यांत पोहोचल्या आहेत. त्या वजनाने भारी असतात आणि गावठीपेक्षा जास्त अंडी देतात, पण खुडूक क्वचितच होतात, आणि त्यांचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत. त्यामुळे पिल्ले पुन्हा विकतच आणावी लागतात. म्हणून सुधारित कोंबड्या पाळणाऱ्यांनीही दोन-तीन गावठी माद्या जपून ठेवाव्यात. त्या पिल्ले काढतात आणि घार दिसताच त्यांना पंखाखाली घेतात. ही राखण बल्ब लावलेल्या खोक्याकडून होत नाही.

कोंबड्यांचे खुराडे बहुतेक घरांत घरीच तयार होते. मोडक्या दाराच्या फळ्या, उरलेले वासे, जुना पत्रा आणि तारेची जाळी एवढे सामान त्याला पुरते. माप मोठे लागत नाही, रात्रीच्या मुक्कामासाठी एका कोंबडीला दीड-दोन चौरस फूट जागा पुष्कळ झाली. पण तीन गोष्टींत कसूर चालत नाही. पहिली, तळ जमिनीपासून हात-दीड हात उंच हवा, म्हणजे ओल चढत नाही आणि खाली पडलेली विष्ठा फावड्याने ओढता येते. दुसरी, आत आडवी दांडी हवी. कोंबडीचे पूर्वज रानकोंबडे झाडावर रात्र काढणारे, त्यामुळे कोंबडीला जमिनीवर झोपायला आवडत नाही. दांडी मनगटाएवढी जाड आणि वरून थोडी चपटी असली की तिला नीट बसता येते. तिसरी गोष्ट जाळी, आणि खरी जोखीम तिथेच असते. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगसाचे पिल्लू सहज आत शिरते. मुंगूस आत शिरले की एका कोंबडीवर थांबत नाही, सापडतील तेवढ्या मारून जाते. अर्ध्या इंचाची जाळी महाग पडते खरी, पण एका रात्रीत सगळ्या कोंबड्या गमावण्यापेक्षा ती स्वस्तच. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे दिवेलागणीला ती आपणहून खुराड्यात शिरते. मग आठवणीने दार लावायचे एवढेच काम उरते. फळ्यांच्या फटींत रक्त पिणाऱ्या बारीक किडी लपून बसतात आणि रात्री कोंबड्यांच्या अंगावर चढतात. त्यासाठी खुराड्याला दिवाळीआधी एकदा आणि मृगाआधी एकदा आतून चुना मारावा. शेजारी राखेचा खड्डा ठेवला की कोंबड्या त्यात लोळून अंगावरच्या उवा स्वतःच झाडतात.

पाण्याच्या भांड्याची युक्तीही घरचीच असते. उघड्या ताटलीतले पाणी पिल्ले घाण करतात, कधी त्यात भिजून गारठून मरतात. त्यासाठी प्लॅस्टिकच्या डब्याच्या काठाजवळ बोटभर उंचीवर एक भोक पाडतात, डबा पाण्याने भरतात, त्यावर उथळ थाळी उपडी ठेवतात आणि दोन्ही एकदम पालटतात. भोक पाण्याखाली जाईपर्यंत थाळीत पाणी उतरते आणि मग थांबते, कारण डब्यात हवा शिरायला वाट उरत नाही. पिल्लांनी पाणी प्यायले की पातळी खाली जाते, भोक उघडे पडते, बुडबुडा आत जातो आणि तेवढेच पाणी पुन्हा थाळीत येते. बाजारात मिळणारे पाण्याचे भांडेही याच तत्त्वावर चालते.

भाजीचे गणित पाण्याच्या वाटेवर बसते. न्हाणीचे पाणी जिथे पडते तिथे केळ, अळू आणि कर्दळ लावतात, कारण या झाडांना कायमची ओल मानवते आणि ती साबणाचे पाणीही सोसतात. पालेभाज्यांना मात्र ते पाणी घालू नये. मृगाचा पाऊस झाला की दोडका, घोसाळे, कारले, पडवळ आणि भोपळ्याचे बी टोकतात. वेल चढवायला मांडव लागतो. सह्याद्रीच्या पट्ट्यात तो कारवीच्या काठ्यांचा, इतरत्र बांबूचा किंवा तुरीच्या काठ्यांचा घालतात. पावसाळा सरला की वाफ्यांत मेथी, मुळा, चवळी, लाल माठ आणि वांगी येतात. उन्हाळ्यात पाणी तुटते. तेव्हा मातीचे साधे मडके तोंडापर्यंत जमिनीत पुरून भरून ठेवले की ते पाझरत राहते आणि भोवतालच्या दोन-चार झाडांची मुळे त्यावर तगतात. मडके मात्र रंग न दिलेले, सच्छिद्र हवे.

कोंबडी आणि भाजी यांचे मात्र उभे वैर असते. नुकता पेरलेला वाफा म्हणजे कोंबडीच्या दृष्टीने मोकळी माती आणि त्यात पसरलेला दाणा. एका सकाळी ती मेथीचा आख्खा वाफा उधळून त्यात मातीचे स्नान करून जाते. त्यामुळे परसातली निम्मी कारागिरी कुंपणात खर्च होते. कोणी बोरीच्या काट्या लावतो, किनाऱ्यावर कोणी मासेमारीचे जुने जाळे ताणतो. उडून कुंपण ओलांडणाऱ्या कोंबडीच्या एकाच पंखाची लांब पिसे कापतात. दोन्ही बाजूंचा तोल जुळत नाही म्हणून तिला उंच उडता येत नाही, आणि पिसे पुढच्या गळतीनंतर पुन्हा येतात. सर्वांत सोपी सोय डालग्याची. बांबूचे जे डालगे एरवी पिल्लांवर झाकतात, तेच उपडे करून कोवळ्या रोपांवर ठेवले की रोपेही वाचतात.

पण वेल मांडवावर चढला की कुंपण उघडायचे. दोडक्या-कारल्यात फळमाशी अंडी घालते. तिच्या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात आणि तिथे वरच्याच थरात कोशात जातात. मांडवाखाली फिरणाऱ्या कोंबड्या हे कोश उकरून खातात. कीड लागलेली फळे रोज वेचून दूर केली आणि कोंबड्यांना खाली मोकळे सोडले, तर फवारणीची गरज पुष्कळ कमी होते. कोंबडी आत कधी घ्यायची आणि बाहेर कधी ठेवायची, हे ज्या घराला उमगले त्याचे परस चांगले चालते. वाफ्याचे वय पाहायचे: रोप कोवळे असताना दार बंद ठेवायचे, खोड जून झाले की उघडायचे.

खताबाबतही असाच संयम लागतो. कोंबडीच्या विष्ठेत नत्र शेणापेक्षा पुष्कळ जास्त असते. ती ताजी मुळाशी घातली तर रोप करपते. पालापाचोळा, राख आणि शेण यांच्या थरांत घालून दोन-तीन महिने कुजू दिली की तिचे उत्तम खत होते. सीताफळाच्या किंवा लिंबाच्या झाडाला असे दोन पाट्या खत घातले की वर्षभर बघावे लागत नाही.

कोंबड्यांवर येणारे सर्वांत मोठे संकट म्हणजे मानमोडी, ज्याला राणीखेत असेही म्हणतात. रोग शिरला की आठवड्याभरात खुराडे रिकामे होते, आणि औषध नाही. उपाय एकच, लस. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब टाकतात, पुढे सुमारे दोन महिन्यांचे झाल्यावर पंखाखाली टोचतात. अडचण अशी की लसीची एक कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांपुरती असते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांचे घर एकटे हे करू शकत नाही. सगळ्या वाडीने एक दिवस ठरवून पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच, लसीकरण उरकले तरच ते जमते. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावा, नाहीतर रोग गावभर फिरतो.

पहिल्या बहरातले एखादे निरोगी फळ वेलावरच जून होऊ देतात आणि हंगामाच्या शेवटी त्याचे बी राखेत घोळून तुंब्यात किंवा मडक्यात ठेवतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच घरगुती पद्धतींनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंत अनेक गावरान वाण जपले, त्यांची बियाणे बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एका परसातले बी दुसऱ्या परसात जाण्याची खेड्यातली जुनी रीत त्यांच्या कामामुळे पुन्हा वाढीला लागली.

परसाचा पैसा थोडा आणि रोख असतो. अंडी दारातच विकली जातात, गावठी अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा चांगला भाव मिळतो, आणि तो पैसा बहुतेक घरांत बाईच्याच हातात राहतो. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. जास्तीचे कोंबडे शिमग्याला, जत्रेला, कोकणात राखणदार देवाच्या राखणीला आणि आषाढाच्या शेवटी विकले जातात. श्रावणात मात्र अनेक घरांत अंडी-मांस बंद असते, गिऱ्हाईकही कमी होते. त्या महिन्याच्या अखेरीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली की पिल्ले भाद्रपदात निघतात. तोवर पावसाचा जोर ओसरलेला असतो, आणि थंडी सुरू होईपर्यंत पिल्लांच्या अंगावर पुरती पिसे आलेली असतात.