विश्लेषण : पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसले, म्हणजे संकेतस्थळ सुरक्षित असते का? ‘एचटीटीपीएस’चा नेमका अर्थ काय?

‘कुलूप पाहा आणि मगच पासवर्ड टाका’ हा सल्ला अनेक वर्षे दिला गेला. तो चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता. उरलेल्या अर्ध्या भागाचा फायदा भामटे घेत आहेत.

‘तुमचे केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री खाते बंद होईल’ असा संदेश येतो. खाली दुवा असतो. तो उघडला की बँकेचे बोधचिन्ह, तेच रंग आणि ग्राहक क्रमांक विचारणारी चौकट दिसते. सावध ग्राहक वरच्या पट्टीकडे पाहतो. तिथे ‘एचटीटीपीएस’ असते, शेजारी छोटे कुलूपही असते. तो निर्धास्त होऊन पासवर्ड आणि ओटीपी भरतो. शिकवलेला नियम त्याने तंतोतंत पाळलेला असतो, तरीही खाते रिकामे होते. असे का होते?

‘एचटीटीपीएस’ म्हणजे काय?

फोनमधील ब्राउझर आणि संकेतस्थळ एकमेकांशी ज्या नियमांनुसार माहितीची देवाणघेवाण करतात, त्याला ‘एचटीटीपी’ म्हणतात. त्यापुढील ‘एस’ म्हणजे ‘सिक्युअर’. इंटरनेटवरून खरेदी-विक्री सुरू होण्याच्या काळात, १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीने ही पद्धत आपल्या ब्राउझरसाठी तयार केली.

साधे ‘एचटीटीपी’ हे पोस्टकार्डासारखे आहे. वाटेत ज्याच्या हाती पडेल, तो मजकूर वाचू शकतो. खाडाखोडही करू शकतो. ‘एचटीटीपीएस’ हे मोहोरबंद पाकीट आहे. रेल्वे स्थानकावरील किंवा हॉटेलातील मोफत वायफाय वापरताना तुम्ही लिहिलेला पासवर्ड मधल्या कोणालाही वाचता येत नाही आणि मजकुरात बदलही करता येत नाही.

मग फसवणूक कशी होते?

पाकीट मोहोरबंद असले, तरी त्यावरचा पत्ताच भामट्याचा असेल तर? पत्र वाटेत कोणी फोडत नाही, ते सुखरूप भामट्याच्याच हाती पडते. कुलूप रस्त्याची हमी देते, रस्त्याच्या टोकाला कोण बसले आहे याची नाही.

‘एचटीटीपीएस’साठी संकेतस्थळाला डिजिटल प्रमाणपत्र लागते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रासाठी एकच गोष्ट तपासली जाते : अर्ज करणाऱ्याचा त्या पत्त्यावर ताबा आहे का? तो बँक आहे की भुरटा, याची चौकशी होत नाही. सगळे काम संगणक काही मिनिटांत करतो.

पूर्वी अशा प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावे लागत. २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा सेवेने ती मोफत देण्यास सुरुवात केली. त्यामुळे छोट्या शाळा, दुकाने, वृत्तस्थळे यांनाही सुरक्षित रस्ता मिळाला. हा मोठाच फायदा होता. मात्र तोच रस्ता बनावट संकेतस्थळांनाही खुला झाला. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०१९ मध्येच इशारा दिला होता, की केवळ कुलूप किंवा ‘एचटीटीपीएस’ पाहून संकेतस्थळावर विश्वास ठेवू नका.

क्रोममधून कुलूप का गेले?

गुगलने २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात सहभागी झालेल्यांपैकी केवळ ११ टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला. बाकीच्यांचा गैरसमज दूर करण्यापेक्षा चिन्हच काढणे कंपनीला योग्य वाटले. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने संगणक आणि अँड्रॉइडवर कुलपाच्या जागी सेटिंग्जसारखे दिसणारे चिन्ह आणले. आता ‘एचटीटीपीएस’ असणे ही विशेष बाब मानली जात नाही, नसणे ही धोक्याची बाब मानली जाते. म्हणूनच जुलै २०१८ पासून क्रोम साध्या ‘एचटीटीपी’ पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारते. असा शेरा दिसला, तर तिथे पासवर्ड किंवा कार्ड क्रमांक भरू नये.

पत्ता कसा वाचावा?

खरी ओळख कुलपात नसते, पत्त्यात असते. आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येईल, तिच्या लगेच आधीचे शब्द महत्त्वाचे.

समजा, बँकेचा पत्ता ‘अमुकबँक डॉट कॉम’ आहे. ‘नेटबँकिंग डॉट अमुकबँक डॉट कॉम’ हा पत्ता त्याच बँकेचा. पण ‘अमुकबँक डॉट कॉम डॉट तमुक डॉट एक्सवायझेड’ हा पत्ता ‘तमुक’चा आहे. बँकेचे नाव पुढे केवळ सजावटीसाठी चिकटवले आहे. फोनच्या छोट्या पडद्यावर पत्ता अनेकदा अर्धाच दिसतो. त्यामुळे पट्टीवर टिचकी मारून तो पूर्ण पाहावा.

‘बँक डॉट इन’ने काय बदलले?

हीच अडचण ओळखून रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता आणला. तिकडे स्थलांतर करण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देण्यात आली. या पत्त्यांची नोंदणी हैदराबादची ‘आयडीआरबीटी’ ही संस्था करते आणि तो बँकांनाच मिळतो. म्हणजे कुलूप ज्याची हमी देत नव्हते, ती ओळख येथे तपासली जाते. अट एकच : हे शब्द पत्त्याच्या शेवटी हवेत. ‘बँक डॉट इन डॉट तमुक डॉट कॉम’ हा पुन्हा तमुकचाच पत्ता.

काय करावे?

संदेशातील दुव्यावरून बँकेत शिरू नये. बँकेचे अॅप वापरावे किंवा पत्ता स्वतः टाइप करावा. फोनमध्ये पासवर्ड साठवलेला असेल आणि एखाद्या पानावर तो आपोआप सुचवला गेला नाही, तर थांबून पत्ता पुन्हा वाचावा. पत्ता वेगळा असल्याचे ते लक्षण असू शकते. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक.